सात हात दोरी

बन्शीअण्णा भेटले की आधी तुमचं मनगट धरायचे, रामराम त्यानंतर. सुप्याच्या आमच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला गेटवर रांग लागायची आणि रांगेच्या तोंडाशी अण्णा उभे असायचे. एकेकाचा हात ओढून घ्यायचा, मनगटावरच्या विणलेल्या दोरीच्या पट्ट्याची शेपटी दोन बोटांत धरायची, हलका हिसका द्यायचा आणि म्हणायचं, "सुटतंय. जा." नव्या माणसाला वाटायचं, ही कंपनीचीच काहीतरी तपासणी असेल. लोक महिना-महिना निमूट हात पुढे करायचे आणि मग कधीतरी कळायचं की हा गडी सिक्युरिटीतला नाहीच, डिस्पॅचमध्ये गाड्यांवर ताडपत्री बांधतो.

मी तिथे स्टोअरमध्ये. वीसेक वर्षं हातमोजे, नट-बोल्ट आणि सुतळीचे गुंडे सही घेऊन देत आले, त्यामुळे माणसांकडे बघायची नजरही तशीच झालीय. हा किती टिकेल, कुठे झिजेल, एवढंच आधी दिसतं. अण्णा पहिल्यांदा खिडकीशी आले तेव्हा दिसले ते त्यांचे तळहात. माणूस बेताच्या उंचीचा, मान आखूड, आणि तळहात मात्र दुसऱ्या कुणाचे तरी आणून लावल्यासारखे. दुसरा दिसला तो वरचा समोरचा दात. तो निम्मा तुटलेला होता. हसताना अण्णा वरचा ओठ त्या दातावर ओढून घ्यायचे, त्यामुळे हसू नेहमी अर्ध्यावर थांबल्यासारखं वाटायचं. मला ते चिक्कू वाटले होते. माझा अंदाज चुकला, हे आधीच सांगून टाकते.

ते पाथर्डीकडच्या एका डोंगराकडेच्या वस्तीवरचे. लहानपण निम्मं गावात आणि निम्मं ऊसतोडीच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. सुप्यात नोकरी लागली तेव्हा कोयता सुटला, पण बांधायची सवय काही सुटली नाही. मोळी बांधलेले हात होते ते. लाकडी खोकी ट्रकवर चढली की अण्णा कावळ्यासारखी मान वाकडी करून गाडीभोवती एक फेरी मारायचे, मग दोर टाकायचे. त्यांनी बांधलेली गाडी चेन्नईपर्यंत गेली तरी खोकं हलायचं नाही. पण त्यांना अभिमान त्याचा नव्हता. अभिमान होता तो वेगळाच. त्यांची गाठ तिकडचा कुठलाही अनोळखी माणूस एका ओढीत सोडू शकायचा. बांधतं तर कुत्र्याला साखळी लावणारंसुद्धा, असं त्यांचं म्हणणं. "बांधनारा कोन? ज्याला सोडाया येतं त्यो," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की माझ्या भाच्यालाही ते पाठ आहे.

मला ते 'श्टोरबाई' म्हणायचे. माझं नाव शैला आहे हे त्यांना माहीत होतं, पण नावानं हाक मारणं त्यांना बरं वाटत नसावं.

मनगटावरच्या पट्ट्याचं खूळ आलं ते पुण्याहून आलेल्या एका शिकाऊ इंजिनिअरमुळे. त्याला गडकिल्ले चढायची हौस. हातात हिरव्या-काळ्या दोरीचा विणलेला पट्टा, त्याला दप्तराला असतं तसलं प्लॅस्टिकचं बकल. जेवणाच्या सुट्टीत अण्णांनी विचारलं, हे काय? तो म्हणाला, संकटाच्या वेळी कामाला येतं, उलगडलं की लांब दोरी होते, हवाई छत्रीला लावतात तसली, माणसाचं वजन पेलते. अण्णा म्हणाले, उलगडून दाखवा. झालं. तो बिचारा नखं लावतोय, दात लावतोय, पट्टा ढिम्म. दोरीची टोकं काडीनं जाळून वितळवून चिकटवलेली होती, बाजारात मिळणाऱ्या सगळ्यांची तशीच असतात. सलीम, आमचा फोर्कलिफ्टवाला, पोट धरून हसला. अण्णा हसले नाहीत. त्यांनी ब्लेडनं तेवढा जळका मणी उडवला, पट्टा उलगडला, कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत हात लावून दोरी मोजली. सात हात भरली. आणि चहाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा विणून त्या पोराच्या हातावर घातली. ही वीण त्यांना नवी नव्हतीच. त्यांचे वडील पोळ्याला बैलांच्या म्होरक्या अशाच विणायचे, रंगीत सुताच्या.

तेव्हापासून अण्णांनी सलीमच्या मोबाईलवरून 'छत्रीच्या दोरीचे' गुंडे मागवायला सुरुवात केली. विकायला नव्हे. कुणी विचारलं तर चिडायचे. दर रविवारी एक-दोन पट्टे घरी विणायचे आणि सोमवारी कुणाच्या तरी हातात घालायचे. वर्षभरात आख्ख्या डिस्पॅचच्या, पॅकिंगच्या आणि स्टोअरच्या मनगटांवर अण्णांचे पट्टे आले. आणि मग ती गेटवरची तपासणी सुरू झाली.

स्वतःचा पट्टा ते सढळ वापरायचे. एकदा आमच्या मॅनेजरसाहेबांच्या गाडीचा सायलेन्सर ऐन हायवेवर, कारखान्याच्या फाट्याशी लोंबायला लागला. साहेब सूट-बूट घालून रस्त्याच्या कडेला उभे. अण्णा सायकलवरून येत होते. त्यांनी काही न विचारता मनगटावरचा पट्टा सोडला, गाडीखाली शिरले आणि सायलेन्सर आवळून बाहेर आले. साहेबांनी पाकीट काढलं. अण्णा म्हणाले, ते ठेवा, गाडी दुरुस्त झाली की दोरी तेवढी परत आणा. साहेबांना ती थट्टा वाटली. पुढचे पाच दिवस अण्णा रोज संध्याकाळी केबिनच्या दाराशी जाऊन उभे राहायचे, बोलायचे काही नाही. सहाव्या दिवशी काळी मिचकूट झालेली दोरी प्लॅस्टिकच्या पिशवीतून आली. अण्णांनी ती सोड्यानं धुतली, वाळवली आणि पुन्हा विणून हातात घातली.

मी एका रविवारी त्यांच्या खोलीवर गेले होते, भाच्यासाठी पट्टा हवा म्हणून. सुप्याच्या बाजारामागे दोन खोल्या, मोरीशी तुळस, आणि भिंतीला टेकवलेला एक पाट. त्या पाटावर दोन खिळे ठोकलेले होते. अण्णांनी माझ्या मनगटाला दोरा गुंडाळला, त्यात एक बोट घालून सैल केला, भाच्याचा हात जाडा असेल म्हणून आणखी अर्धं बोट धरलं. मग सात हात दोरी मोजून मधोमध दुमडली, बकलाच्या एका तुकड्यात अडकवली, दोन्ही पदर दुसऱ्या तुकड्यातून काढून माघारी घेतले आणि दोन खिळ्यांमध्ये ताणून धरले. मधले दोन पदर उभे, बाहेरचे दोन मोकळे. डावा पदर मधल्यांवरून आडवा टाकायचा म्हणजे बाजूला एक कमान राहते. उजवा त्याच्यावरून घेऊन खालून काढायचा आणि त्या कमानीतून वर. ओढायचं. पुढच्या वेळी हेच उजवीकडून. एकदा डावं, एकदा उजवं. एकाच बाजूनं सारखं गेलं तर पट्टा दोरखंडासारखा पिळवटत जातो, हे त्यांनी मला मुद्दाम चूक करून दाखवलं.

शेवटी उरलेली दोन टोकं त्यांनी जाळली नाहीत. गोणी शिवायचं दाभण घेतलं आणि टोकं शेवटच्या तीन वेढ्यांखालून ओवून घेतली. एक शेपटी नखाएवढी बाहेर ठेवली. ती ओढली की तोंड सुटतं आणि मग शंभर आकडे मोजेपर्यंत सगळी दोरी मोकळी. मी म्हटलं, अण्णा, दिसायला गबाळं दिसतं हो, जरा काडी लावा की. ते उठले. दूध आणतो म्हणून चरवी घेऊन बाहेर गेले.

भामाबाई, त्यांची बायको, तांदूळ निवडत बसल्या होत्या. सूप बाजूला ठेवून त्यांनी मला सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात, जसं कुणी रेशनच्या दुकानातली गोष्ट सांगावी. अण्णांचा धाकटा भाऊ विष्णू. शेतातली विहीर, वस्तीपासून लांब. विहिरीवर पाणी शेंदायचा अंबाडीचा दोर असायचा, आणि दोर चोरीला जायचे. म्हणून अण्णांनी तो वेटोळं करून बाभळीच्या बुंध्याला निरगाठ मारून बांधून ठेवला, कुणाच्या बापाला सुटू नये अशी. त्यावर पाऊस पडला. अंबाडी भिजली, फुगली, गाठ दगड झाली. दुसऱ्या दिवशी विष्णू मोटारीचा पाईप बघायला वाकला आणि आत गेला. पोहता येत नव्हतं. अण्णा धावत बाभळीपाशी गेले. कोयते सगळे घरी, वस्तीवर. एकटाच माणूस आणि त्याचीच गाठ.

"दातानं सोडाया गेले," भामाबाई म्हणाल्या. "दात तुटला. गाठ न्हाई सुटली."

अण्णा दूध घेऊन आले. आम्ही चहा प्यायलो. मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना, म्हणून मी बराच वेळ त्या पाटावरच्या खिळ्यांकडे बघत बसले.

आता माझी गोष्ट. ती सांगायला जड जातेय, पण सांगायलाच हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. भाच्याच्या साखरपुड्यात फोटोच्या वेळी माझ्या पट्ट्याची शेपटी कुणाच्या तरी बांगडीत की पदराच्या पिनेत अडकली, आणि सगळ्यांच्या देखत सात हात दोरी माझ्या हातातून लोंबायला लागली. विहीणबाईंनी विचारलं, हे काय, करगोटा का? नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. सोमवारी अण्णांनी हूं की चूं न करता तो पुन्हा विणून दिला. मंगळवारी मी स्टोअरमधली झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब घेतली, शेपटी नखाएवढी मोकळी ठेवली आणि आतल्या वेढ्यांमध्ये दोन थेंब सोडले. पट्टा कसा छान झाला, गुळगुळीत, घट्ट. शेपटी ओढली की इवलीशी हलायची आणि थांबायची. गेटवर अण्णांनी हिसका दिला, म्हणाले, "सुटतंय. जा."

सलीमनं मला ट्यूब बंद करताना पाहिलं. सुंभ जळेल पण अण्णांचा पीळ काही जायचा नाही, तेव्हा आपणच शहाणं व्हावं, असं म्हणून त्यानं हात पुढे केला. त्याच्यामागून डिस्पॅचचा गणेश आला, पॅकिंगची सुनीता आली. सगळ्यांचीच तक्रार तीच, पट्टा सारखा सुटतो. महिन्याभरात मी सगळ्यांचे चिकटवून दिले. भामाबाईंनी सांगितलेलं मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी ते केलं. मनाला सांगितलं की इथे सुप्याच्या एमआयडीसीत कुठे आलीय विहीर, इथे तर प्यायचं पाणीसुद्धा जारमधून येतं.

जानेवारीत अण्णांनी आम्हाला त्यांच्या शेतावर हुरड्याला बोलावलं. सलीमच्या भावाची जीप होती. अण्णा, सलीम, गणेश, सुनीता आणि मी. भामाबाई आदल्या दिवशीच पुढे गेल्या होत्या. पाथर्डी सोडून आत वळलो, डांबरी संपली तिथे जीप उभी केली आणि बांधाबांधानं चालत निघालो. ज्वारी पोटरीतून बाहेर पडून दाण्यात आलेली, थंडी अजून गेलेली नव्हती. वाटेत दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात एक जुनी विहीर लागली, कठडा नसलेली. आत पारवे घुमत होते. सलीमला त्यांचा व्हिडिओ काढायचा होता. अण्णा मागून ओरडले, पण तोपर्यंत कडेचा मुरूम निसटला होता.

पाणी चांगलं तीन पुरुष खाली होतं. सलीमला पोहता येत नाही. तो दोनदा वर आला आणि दुसऱ्या वेळी मोटारीचा काळा पाईप त्याच्या हाताला लागला. पाईप शेवाळलेला, हात निसटत होते. अण्णांनी गणेशला दोर आणायला वस्तीवर पिटाळलं. जायला दहा-बारा मिनिटं, यायला तेवढीच. मग त्यांनी बूट काढले आणि विहिरीच्या बांधणीतून पायऱ्यांसारखे बाहेर काढलेल्या दगडांवरून उतरायला लागले. साठीला आलेला माणूस. ते दगड पाण्यापर्यंत जात नव्हते, दोन हात वरच संपत होते. शेवटच्या दगडावर ते बसले, एका हातानं कपारी धरली, दुसऱ्या हातानं आणि दातानं स्वतःच्या मनगटावरचा पट्टा सोडला. वाकून तो सलीमच्या काखेखालून घातला, गाठ मारली. त्याचं डोकं पाण्याच्या वर आलं. टोक अण्णांच्या हातात राहिलं.

भिंतीत मोटारीसाठी गाडलेला एक लोखंडी अँगल होता, त्यांच्यापासून चार-पाच हात बाजूला. तिथवर टोक पोचत नव्हतं. आणखी एक पट्टा उलगडून मिळाला असता तर ते दोरी त्या अँगलला बांधून दोन्ही हातांनी भिंत धरून निवांत बसले असते. त्यांनी मान वर केली आणि शांतपणे सांगितलं, "तुमचे सोडा आन टाका खाली."

वर मी आणि सुनीता. मी शेपटी ओढली. ती इवलीशी आली आणि थांबली. थांबणारच होती, ती थांबावी म्हणूनच मी दोन थेंब घातले होते. सुनीता रडत नखं लावत होती. मी दात लावले, दगडाच्या कडेवर घासलं, कपाटाच्या किल्लीनं कापायला गेले. दोन्ही पट्टे बकलांनी एकमेकांत अडकवून धरले, ते हातभरसुद्धा भरले नाहीत. ओढण्या आम्ही दोघींनी जीपमध्येच ठेवलेल्या, अंगातला स्वेटर काढून टाकला तर तो त्यांच्या हाताला न लागता पाण्यात पडला. मी खाली उतरायला पाय टाकला तेव्हा अण्णा एकदाच खेकसले, म्हणून मागे सरले. त्यानंतर त्यांनी वर पाहिलंच नाही. दोरीचं टोक डाव्या पंजाभोवती तीन वेळा गुंडाळलं आणि मूठ मिटली.

वीस-पंचवीस मिनिटं ते तसेच बसले होते. सलीमला ते काहीबाही विचारत होते, फोर्कलिफ्टचा कुठला गिअर अडकतो, बायको कुठल्या गावची. सलीम उत्तर द्यायचा, म्हणजे शुद्धीवर आहे हे त्यांना कळायचं. गणेश चार माणसं आणि दोर घेऊन आला. आधी सलीमला काढलं, मग अण्णांना. त्यांची मूठ उघडत नव्हती. दोरी मांसात गेली होती, ती आम्हाला एकेक वेढा करून सोडावी लागली.

वस्तीवर भामाबाईंनी गोवऱ्यांच्या आरात कणसं भाजायला घातली होती. त्यांनी अण्णांचा हात बघितला, हळद भरली, फडकं बांधलं. मग सगळ्यांना हुरडा वाढला, चटणी वाढली, खा म्हणाल्या. सलीम गोधडी पांघरून कुडकुडत खात होता आणि खाता खाता रडत होता. माझ्या मनगटावर पट्टा तसाच होता. भामाबाईंनी तो पाहिला आणि मला आणखी एक मूठ हुरडा वाढला. मला धरणी दुभंगावी असं वाटलं.

अण्णा तीन आठवड्यांनी कामावर आले. मी गोंदाची ट्यूब खिडकीच्या फळीवर ठेवली आणि सगळं सांगून टाकलं, कुणाकुणाचे चिकटवले तेही.

"मला ठावं हुतं, श्टोरबाई," ते म्हणाले. "सुटनारी शेपटी हाताला येगळी लागती, आडकल्याली येगळी लागती. वरीसभर रोज वढत हुतो, मला कळना व्हय? म्हनलं ऱ्हाऊ द्या, बाईमानसाला चारचौघांत काय बोलावं."

मी म्हटलं, चूक माझी आहे अण्णा. मला वाटलं, ते नाही म्हणतील. मोठी माणसं म्हणतात तसं काहीतरी म्हणतील.

"व्हय, तुमची हाय," ते म्हणाले. "आन माजीबी हाय. तवाच बोलाया पायजे हुतं."

आणि हातमोज्यांचा जोड घेऊन सही करून गेले. सही उजव्या हाताची, ती ठीक होती. डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पुन्हा कधी मिटलं नाही. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं, नस चेपली गेलीय. दोर आवळायला दोन्ही मुठी लागतात. काही दिवसांनी डिस्पॅचमध्ये खटक्याचे तयार पट्टे आले, दांडा हलवला की गाडी आपोआप आवळली जाते, आणि अण्णांना गेटवर किल्ल्यांच्या पेटीपाशी बसवलं. आता ते खरोखरच सिक्युरिटीत होते. पण मनगटं बघणं त्यांनी बंद केलं. बघायला राहिलंही नव्हतं काही, सगळ्यांचे पट्टे सलीमनं कटरनं कापून काढले होते आणि नवे मागायची कुणाची छाती नव्हती. आम्ही गेटमधून जाताना हात खिशात घालायचो.

मी मात्र रविवारी भामाबाईंकडे जायला लागले. अण्णा त्या वेळी बाजारात असायचे. भामाबाईंना वीण येत होती, इतकी वर्षं समोर बसून बघितलेली. त्या तोंडानं सांगायच्या, मी पाटावर विणायची. पहिले चार पट्टे पिळवटले. पाचवा सरळ झाला. तो मी बाहीच्या आत घालून फिरायची.

मुदत पुरी व्हायला सात-आठ महिने होते, पण अण्णांनी नोकरी सोडली. ज्या दिवशी ते निघाले त्या दिवशी मी जेवणाच्या सुट्टीत सुप्याच्या स्टँडवर गेले. नगरला जाऊन तिथून त्यांना पाथर्डीची गाडी धरायची होती. भामाबाई पत्र्याच्या ट्रंकेवर बसल्या होत्या. ट्रंकेची कडी तुटलेली, झाकण अर्धवट उघडं, आतून तो खिळेवाला पाट बाहेर डोकावत होता. अण्णा हवापाण्याचं बोलले, स्टोअरला नवी रॅक आली का विचारलं. गाडी येताना दिसली. तेव्हा मी बाही वर केली आणि हात पुढे धरला.

त्यांनी उजव्या हाताच्या दोन बोटांत शेपटी धरली. हिसका दिला. ती आली, येतच राहिली. ते थांबले नाहीत, भर स्टँडवर त्यांनी एकेक वेढा सोडत सगळा पट्टा उलगडला, कोपराला लावून दोरी मोजली.

"साडेसहाच भरतीय," ते म्हणाले.

माझा हात त्यांच्याहून आखूड, मी माझ्या हातानं मोजली होती. हे मी सांगेपर्यंत त्यांनी भामाबाईंना उठवलं होतं. ती दोरी त्यांनी ट्रंकेभोवती दोनदा फिरवली. डाव्या हाताच्या तीन बोटांनी धरायचं, उजव्यानं ओढायचं, भामाबाईंनी गुडघ्यानं झाकण दाबून ठेवायचं, असं करत सरगाठ मारली. झाकण बसलं. कंडक्टर घाई करत होता. अण्णांनी गाठीची शेपटी उचलली आणि माझ्यापुढे धरली. वरचा ओठ त्यांनी दातावर ओढला नव्हता, तो अर्धा दात मी पहिल्यांदाच पुरता पाहिला.

मी शेपटी दोन बोटांत धरली. हलका हिसका दिला. गाठ सैल झाली, त्यांनी ती पुन्हा आवळली.

"सुटतंय," मी म्हटलं. पुढचं 'जा' काही माझ्याच्यानं म्हणवलं नाही.